लहान यांत्रिक नावेचा वेग आणि तोल

वऱ्हाडांतील शाळेच्या वार्षिकांत यांत्रिक नावेवर लेख पाहून पुष्कळ वाचकांस नवल वाटेल. अकोल्याहून मुंबईचा समुद्र रेल्वेनें पांचशें किलोमीटरांहून अधिक दूर. आमच्या नद्या वर्षांतील बरेच महिने वाळूच्या व खडकांच्या. आणि आमच्या मुलांनीं पाहिलेली नाव म्हणजे बहुधा भोई लोकांचा डोंगा किंवा तलावावरील सहलीची होडी. तथापि याच प्रांतांत पाणी एकदां चढूं लागलें म्हणजे तें काय अनर्थ करतें हें वडील मंडळींस सांगावयास नको. ३० जुलै १९९१ रोजीं वर्धा नदीच्या पुरानें वरुडच्या शेजारचें मोवाड गांव धुवून नेलें आणि दोनशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. जुलै २०२१ मध्यें अकोल्यांत मोर्णेचें पाणी वस्त्यांत शिरलें. त्याच वर्षीं १४ सप्टेंबरला वरुड तालुक्यांत, वर्धेच्या पात्रांत, लहान नाव उलटून ११ जण बुडाले. पहिल्या प्रकारच्या संकटांत वेगानें येऊन पोंचणारी नाव हवी असते. दुसऱ्या प्रकारच्या संकटाचें मूळ नावेच्या तोलांत असतें. हे दोन गुण एकाच नावेंत कसे वाढवितां येतील, हा या लेखाचा विषय आहे.

जी नाव डोळ्यांपुढें ठेवून आम्ही लिहीत आहों ती अशी: लांबी सुमारें १६ फूट, तळ बहुतेक सपाट, अंग फायबरचें किंवा ॲल्युमिनियमचें, आणि मागील उभ्या फळीवर बाहेरून टांगलेलें २५ अश्वशक्तीच्या आसपासचें इंजिन. या जातीच्या इंजिनास 'आउटबोर्ड' म्हणतात. त्याचें डोकें हवेंत, पाय पाण्यांत, आणि पायाच्या शेवटीं पंखा. सुकाणूहि वेगळें लागत नाहीं. इंजिनच डावीउजवीकडे फिरविलें कीं नाव वळते. नॉर्वेंत जन्मलेला ओले एव्हिन्रूड नांवाचा अमेरिकन कारागीर यानें १९०९ च्या सुमारास विस्कॉन्सिन संस्थानांत असें इंजिन बनवून तें लोकप्रिय केलें. उन्हांत वल्हीं मारून आणलेलें आइस्क्रीम वाटेंतच वितळलें, म्हणून त्यास ही कल्पना सुचली असें सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, मूळ मांडणी शंभर वर्षांत फारशी बदललेली नाहीं.

नाव मंद वाटली तर मोठें इंजिन लावावें, एवढ्यानें भागत नाहीं काय? पुष्कळ मालक हेंच करतात आणि पुष्कळ निराश होतात. याचें कारण समजण्यासाठीं पाण्यावरील गतीचे दोन प्रकार ध्यानांत घेतले पाहिजेत.

मंद जाणारी नाव पाणी बाजूस सारीत जाते आणि स्वतःभोंवतीं लाटा उठविते. वेग वाढतो तशी लाट लांब होत जाते. लाटेची लांबी नावेच्या लांबीएवढी झाली म्हणजे नाव आपणच उठविलेल्या लाटेच्या खळग्यांत सांपडते. पुढें पाण्याचा चढ आणि मागें उतार. मग इंजिनाचा जोर त्या चढावर डोकें आपटण्यांतच खर्च होतो. विल्यम फ्राउड (१८१०–१८७९) या इंग्रज इंजिनिअरनें टॉर्की येथें लांबच लांब हौद बांधून, त्यांत नमुन्याच्या नावा ओढून, १८७२ पासून या विषयाचे प्रयोग केले. अशा प्रयोगांतून व्यवहाराचा एक आडाखा रूढ झाला आहे: नावेची पाण्याच्या रेषेवरील लांबी फुटांत घ्यावी, तिचें वर्गमूळ काढावें आणि त्यास १.३४ नें गुणावें. येईल तो आंकडा नॉटांचा. १६ चें वर्गमूळ ४, गुणाकार ५.३६, आणि १ नॉट म्हणजे ताशीं १.८५२ किलोमीटर. तेव्हां आमच्या नावेची ही मर्यादा ताशीं सुमारें १० किलोमीटर ठरते.

ही मर्यादा ओलांडावयाची तर नावेनें पाणी सारणें सोडून पाण्यावर चढलें पाहिजे. तलावांत चपटी खापरी तिरपी फेकली असतां ती बुडत नाहीं, टप्पे घेत जाते, हें प्रत्येक मुलानें पाहिलें आहे. सपाट तळाची नाव पुरेशा जोरानें लोटली म्हणजे तळाखालचें पाणी तिला तसेंच उचलून धरतें. नाळ आधीं वर येते, मग सबंध नाव वर उठून आडवी होते, मागील लाट एकाएकी मागें पडते आणि वेग दुप्पट-तिप्पट होतो. नावाडी यास 'नाव प्लेन झाली' म्हणतात. आम्ही 'नाव पाण्यावर चढली' असें म्हणूं.

पुराच्या वेळीं या चढण्याचें महत्त्व किती, तें साध्या वजाबाकीनें कळेल. ओघाचा वेग ताशीं ८ किलोमीटर धरा. १० किलोमीटरांची नाव त्याच्या विरुद्ध जाऊं लागली तर तिच्या पदरीं तासाला अवघे २ किलोमीटर पडतात. २० किलोमीटरांची नाव १२ किलोमीटर जाते. वेग दुप्पट, पण प्रगति सहापट. पहिल्या नावेस एक किलोमीटरावरील झाड गांठण्यास अर्धा तास लागेल, दुसरीस पांच मिनिटें. झाडावर बसलेल्या माणसाच्या दृष्टीनें हा हिशेब करून पाहावा.

आतां उपायांकडे वळूं. पहिला उपाय फुकट आहे, आणि म्हणूनच बहुधा कोणी करीत नाहीं. तो म्हणजे वजन कमी करणें. पाण्यावर चढलेल्या नावेचा वेग साधारणपणें शक्ति भागिले वजन याच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत असतो. जॉर्ज क्राउच या अमेरिकन नौकारचनाकाराच्या सूत्राचा सारांश हाच. म्हणजे इंजिनाची शक्ति दुप्पट केली तरी वेग दुप्पट होत नाहीं, फार तर १.४१ पट होतो. शिवाय मोठें इंजिन जड असतें, तें नेमकें मागील फळीवर बसतें आणि तेल अधिक पितें. उलट माणसांसह ५०० किलोची नाव ४०० किलोवर आणली तर कांहीं खर्च न करतां वेग शेंकडा १२ नें वाढतो.

निरुपयोगी वजन कोठें असतें? नांगराचा अवजड दगड, तेलाचा दुसरा डबा, जुने दोर, हीं डोळ्यांना दिसतात. न दिसणारें वजन तळांत साचलेल्या पाण्याचें. १२ फूट लांब व ४ फूट रुंद तळावर दोनच इंच पाणी साचलें आहे असें धरा. तें ८ घनफूट होतें. १ घनफुटांत सुमारें २८.३ लिटर, म्हणजे एकंदर भार सव्वादोनशें किलोंहून थोडा अधिक! चार माणसें फुकट बसून प्रवास करीत आहेत असेंच म्हणावयाचें. वरील ५०० किलोच्या नावेंत एवढें पाणी असेल तर तिच्या वेगाचा सहावा हिस्सा नाहींसा होतो. तेव्हां नवें इंजिन घेण्यापूर्वीं एक डबा व एक स्पंज घ्यावा.

दुसरा उपाय वजन योग्य जागीं ठेवण्याचा. येथें आमच्या शेतकरी वाचकांस शिकविण्याजोगें आमच्यापाशीं फार थोडें आहे. गाडींत कापूस किंवा ज्वारीचीं पोतीं मागें अधिक भरलीं तर गाडी उलाळ होते आणि जूं बैलांच्या मानेवरून उचललें जातें. पुढें अधिक भरलीं तर तेंच जूं मानेवर दाबतें. नावेचें अगदीं तसेंच आहे. इंजिन, तेलाची टाकी आणि नावाडी अशीं तिन्ही वजनें मागें एकवटलीं म्हणजे नाव उलाळ होते. ती चढण्यास वेळ लावते, आणि चढली तरी नाळ एकसारखी वरखालीं आपटूं लागते. अशी आपटणारी नाव वेगहि गमावते आणि आंत बसलेल्यांचा पाठीचा कणाहि खिळखिळा करते. टाकी मध्यावर आणावी, नावाडी एकटा असेल तर हातदांडी लांब करून त्यानें पुढें सरकून बसावें. मात्र नाळ फार जड झाली तर ती पाण्यांत रुतते, नाव आडवीतिडवी ओढ घेते, आणि समोरून आलेली लाट सरळ आंत येते. चालू नावेचा तळ पाण्याशीं तीन ते पांच अंशांचा कोन करीत असला म्हणजे सामान्यतः उत्तम. इंजिनाचा कलहि खिटी बदलून कमीअधिक करतां येतो: पाय फळीकडे ओढला तर नाळ खालीं, दूर सारला तर नाळ वर. आपटणें थांबविण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पाय एक खांच आंत घेणें.

तिसरी गोष्ट इंजिनाच्या उंचीची. पंख्याच्या वर एक आडवी चपटी पट्टी असते. आरंभीं ती नावेच्या तळाशीं समपातळींत असावी. इंजिन त्याहून खालीं बसलें असेल तर त्याचा पाय पाण्यांत उगाच ओढला जातो आणि वेग खातो. मग इंजिन अर्धा अर्धा इंच उचलून प्रत्येक वेळीं वेग मोजावा. कोठें थांबावयाचें तें इंजिनच सांगतें: वळणावर पंखा हवा ओढूं लागला म्हणजे इंजिन एकाएकी किंचाळतें आणि नाव मात्र ओढ सोडते. असें झालें कीं अर्धा इंच खालीं यावें. इंजिन थंड ठेवणारें पाणी त्याच पायांतून वर जातें. त्याची बाहेर पडणारी धार मंदावली तर उंची जास्त झाली असें समजावें आणि तत्काळ थांबावें.

पंखा हा चौथा विषय, आणि यांत गणिताची गोडी असल्यामुळें थोडें थांबूं. पंखा म्हणजे पाण्यांत फिरणारें मळसूत्र. लांकडांत मळसूत्र एका फेऱ्यांत ठराविक अंतर आंत जातें, तसा पंखा एका फेऱ्यांत जितका पुढें जावयास हवा त्या अंतरास 'पिच' म्हणतात. समजा, पिच १२ इंच. इंजिन मिनिटास ५००० फेरे घेतें. आणि मधल्या दांतेचक्रांमुळें पंखा त्याच्या निम्मे, म्हणजे २५०० फेरे घेतो. तर मिनिटास २५०० फूट, म्हणजे ७६२ मीटर, ताशीं ४५.७ किलोमीटर. परंतु पाणी लांकडाप्रमाणें घट्ट नसल्यामुळें पंखा थोडा घसरतो. घसरण शेंकडा २० धरली तर खरा वेग ३६.६ किलोमीटर. वेग मोजल्यावर घसरण याहून पुष्कळ अधिक निघाली तर पंख्याचें पातें वांकलें किंवा तुटलें आहे, इंजिन फार उंच आहे, अथवा भार फार झाला आहे, असा तर्क करावा.

मोठ्या पिचनें वेग अधिक असें वाटून कोणी १२ च्या जागीं १५ इंचांचा पंखा आणतो. त्याचा परिणाम चढावर वरच्या गियरनें मोटार चालविण्यासारखा होतो. इंजिन कण्हूं लागतें, पुरते फेरे घेत नाहीं, आणि वेग कमीच होतो. कारखानदारानें पूर्ण जोराचे जे फेरे सांगितले असतील त्या टप्प्यांत इंजिन पोंचतें कीं नाहीं तें पाहावें. खालीं राहिलें तर पिच कमी करावी, वर गेलें तर वाढवावी. येथें आमचें मत स्पष्ट आहे कीं बचावाच्या नावेचा पंखा भरलेल्या नावेवरून निवडावा. रिकामी नाव तलावावर कशी धांवते याला पुराच्या दिवशीं कोणी विचारीत नाहीं; सहा माणसें घेऊन ती पाण्यावर चढते कीं नाहीं, एवढेंच पाहिलें जातें.

तळाविषयीं थोडक्यांत. नाव उलटी करून मागील चारपांच फुटांवर सुताराची सरळ पट्टी लांबीनें ठेवावी. तळ आंत खोल गेलेला असेल तर पाणी मागील भाग उचलून नाळ खालीं दाबतें आणि वेग मरतो. बाहेर फुगलेला असेल तर नाव आपटते. चुकीच्या आधारांवर वर्षभर ठेवलेल्या नावेस हे दोष हटकून जडतात. शेवाळ खरवडून तळ गुळगुळीत करावा हें निराळें सांगणें नको.

आतां तोल. घरच्या घंगाळांत पाणी भरून एक परात व एक रिकामा तांब्या सोडावा. परात स्थिर तरते. तांब्या तत्काळ एका अंगावर कलतो. रुंद वस्तु कलली म्हणजे कललेल्या बाजूस पुष्कळ पाणी दाबलें जातें आणि तें तिला परत उचलतें. अरुंद वस्तूस हा आधार नसतो. सारख्या लांबीच्या दोन तळांत हा आधार रुंदीच्या घनाच्या प्रमाणांत असतो. ४ चा घन ६४, ५ चा १२५. रुंदी एकच फूट वाढली आणि आधार जवळजवळ दुप्पट झाला. रबरी नावेच्या दोहों बाजूंच्या फुगीर नळ्या तिला एवढी स्थिर कां करतात, त्याचें उत्तर यांतच आहे.

त्याच परातींत आतां दोन फुलपात्रें पाणी ओता आणि तिला बोटानें किंचित् कलवा. आंतलें पाणी लगेच खालच्या बाजूस धांवतें, कल वाढवितें, आणि जी परात मघां सांवरत होती ती आतां कांठ बुडवून तळाशीं जाते. वेगाच्या दृष्टीनें जें पाणी केवळ भार होतें तें तोलाच्या दृष्टीनें वैरी आहे. माणसेंहि त्या पाण्यासारखींच वागतात. नाव कलली कीं घाबरून सर्व एका बाजूस सरकतात किंवा उभीं राहतात; उभें राहण्यानें भाराचा मध्यबिंदु वर जातो, आणि लहान नावेस उलटण्यास एवढें पुरतें. म्हणून माणसांनीं नावेच्या आसनावर नव्हे तर शक्य तों तळावर बसावें, आणि एकानें जागा बदलतांना बाकीच्यांनीं हालूं नये.

वेगांत असतांना तोलाचे आणखी प्रश्न उभे राहतात. वजन एका अंगास अधिक असेल तर नाव कललेलीच धांवते आणि वळणावर दगा देते. फार हलक्या नाळेची नाव वेग वाढतांच डाव्याउजव्या अंगांवर आळीपाळीनें झुलूं लागते. अशा वेळीं इंजिनाचा जोर हळूहळू कमी करावा. जोर एकदम बंद केला तर आपलीच मागून येणारी लाट मागील फळीवरून आंत शिरते. नावाडी पाण्यांत फेंकला गेला तर इंजिन आपोआप बंद व्हावें म्हणून इंजिनाच्या बटनास अडकविलेली एक दोरी असते. ती त्याच्या मनगटास किंवा जाकिटास बांधलेली असली पाहिजे. मोकळी सुटलेली नाव गोल फिरून त्याच माणसावर परत येते, हा काल्पनिक धोका नव्हे.

वाचकांच्या ध्यानांत आलें असेल कीं बहुतेक उपाय वेग आणि तोल या दोहोंस उपकारक आहेत. पण सर्वच नव्हेत. इंजिन फार वर उचलणें आणि नाळ फार वर ठेवणें यांनीं शेवटचे तीनचार किलोमीटर मिळतात ते तोल गमावून. मार्च २०१७ मध्यें मुंबईस मरीन ड्राइव्हसमोर वेगवान नावांच्या शर्यती झाल्या. नावा एकसारख्या, इंजिनें एकसारखीं. मग क्षणोक्षणीं नाळेचा कल कमीअधिक करण्याचें चालकांचें कौशल्यच पुढें-मागें ठरविणार. शर्यतीच्या चालकास तें शोभतें, कारण त्याच्या नावेंत कडेवर मूल घेतलेली बाई बसलेली नसते. आमच्या नावेंत ती असण्याचा संभव आहे, म्हणून ते शेवटचे किलोमीटर आम्ही सोडून देऊं.

चाचणीची रीत ही प्रयोगशाळेचीच. एका वेळीं एकच फेरबदल करावा, आणि फेरे, वेग, माणसें, तेल, वारा हें सर्व वहींत लिहावें. वाहत्या पाण्यांत वेग दोन्ही दिशांनीं मोजावा लागतो. ५०० मीटर अंतर ओघाबरोबर ५० सेकंदांत आणि ओघाविरुद्ध ७५ सेकंदांत कापलें असें समजा. पुष्कळ विद्यार्थी १००० मीटरांस १२५ सेकंद असें करून ताशीं २८.८ किलोमीटर उत्तर काढतील. तें बरोबर नाहीं. एका वेळचा वेग ३६, दुसऱ्या वेळचा २४; त्यांची सरासरी ३० हा नावेचा पाण्यांतील वेग, आणि उरलेले ६ हे ओघाचे. वेळांची नव्हे, वेगांची सरासरी घ्यावयाची असते. मोबाइलमधील उपग्रहमापक दाखवितो तो वेगहि जमिनीच्या मानानें असतो, पाण्याच्या मानानें नव्हे. म्हणून त्यासहि हाच नियम लागू.

चाचणीची जागा मोकळी व परवानगी घेतलेली असावी. १८ डिसेंबर २०२४ रोजीं मुंबई बंदरांत, इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची वेगवान नाव ताबा सुटून घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि अनेकांचे प्राण गेले. सिंभोऱ्याजवळचें ऊर्ध्व वर्धा धरण काय किंवा महानचा काटेपूर्णा जलाशय काय, दोन्ही ठिकाणीं मासेमारी चालते. पाण्यांत जाळीं असतात आणि त्यांच्यामागें माणसें असतात.

भाराची चाचणी माणसांवर करूं नये. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत ५०-५० किलो वाळू भरावी, कांठाजवळ उथळ पाण्यांत नाव उभी करावी, आणि एकेक पोतें मध्यावर ठेवीत जावें. प्रत्येक पोत्यानंतर कांठ पाण्यापासून किती वर उरला तें बाहेरून खडूनें टिपावें. मग तींच पोतीं एकेक करून एका बाजूस सरकवावीं आणि पुन्हां खुणा कराव्या. या दुसऱ्या खुणा पहिल्यांहून किती लवकर पाण्याला भिडतात तें पाहिलें म्हणजे त्या नावेंत किती माणसें घ्यावयाचीं तो आंकडा मिळतो, आणि तो नावेच्या आंतल्या बाजूस, सर्वांस वाचतां येईल अशा मोठ्या अक्षरांत, रंगवून ठेवतां येतो.